उंदीर पडला

मराठीत ‘उंदीर मेला’ आणि ‘उंदीर पडला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मांजराने धरला, सापळ्यात सापडला, विषाची गोळी खाल्ली, की उंदीर मरतो. पण कुणी हात न लावता, भरदिवसा, झिंगल्यासारखा भिंतीकडेने चालत येऊन घराच्या मधोमध आडवा होतो, तेव्हा तो ‘पडतो’. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत ‘आमच्या आळीत उंदीर पडला’ एवढं एक वाक्य गाव रिकामं करायला पुरत असे. प्लेगची गाठ आलेला माणूस अजून एकही नसायचा, तरी लोक भांडीकुंडी गाडीत टाकून, जनावरं हाकत माळावर जायचे, झोपड्या घालून महिना-दोन महिने तिथेच राहायचे. हा नियम कुठल्या डॉक्टरने सांगितला नव्हता. तो बरोबर होता. तो बरोबर का होता, हे तपशिलात कळायला मात्र शंभरेक वर्षं लागली, आणि शेवटचा खुलासा मिळाला तो एका जंतूच्या जनुकांमध्ये.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तापाने फणफणलेले, जांघेत गाठी आलेले रोगी पाहिले आणि हा ब्युबॉनिक प्लेग आहे असं जाहीर सांगितलं. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. मांडवी म्हणजे धान्याची गोदामं, गोदी आणि दाटीवाटीच्या चाळी. गोदामांतले उंदीर त्याआधीच पडू लागले होते. प्लेग म्हटलं की बंदर बंद, व्यापार बंद, म्हणून व्हिएगसांचं म्हणणं सहजासहजी कुणाला मानायचं नव्हतं. ‘हा प्लेगच कशावरून?’ हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा उठला. या गोष्टीत तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

तसा पुरावा दोन वर्षं जुना होता. जून १८९४ मध्ये हाँगकाँगला साथ भडकली असताना, तिथल्या इस्पितळाच्या आवारात गवताने शाकारलेल्या झोपडीत बसून अलेक्झांद्र येर्सां या पाश्चर-परंपरेतल्या संशोधकाने मृतांच्या गाठींतून जंतू वेगळा काढला होता. जपानचे कितासातो शिबासाबुरो त्याच वेळी तिथे होते, आणि श्रेय कुणाचं हा वाद पुढे बराच चालला. येर्सांने आणखी एक पाहिलं होतं : रस्त्यावर मरून पडलेल्या उंदरांतही हाच जंतू होता. त्याच्याच नावावरून जंतूला पुढे येर्सिनिया पेस्टिस म्हणू लागले.

म्हणजे जंतू सापडला होता, उंदराशी असलेलं नातंही दिसलं होतं. पण उंदरातून माणसात तो येतो कसा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मातीतून, धुळीतून, कपड्यांतून, पायाच्या भेगांतून, श्वासातून असे नाना तर्क होते. सरकारने जे ठाऊक नव्हतं ते जोराने भरून काढलं. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला. घरं फोडणं, जमीन उकरणं, कौलं काढणं, चुना-कार्बोलिक मारणं, रोग्याला उचलून इस्पितळात आणि घरच्यांना सेग्रिगेशनच्या तळावर नेणं सुरू झालं. पुण्यात हे काम रँडसाहेबाच्या हाताखाली गोऱ्या शिपायांनी कसं केलं आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झालं, ते मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना, सावित्रीबाई फुले गेल्या.

शिपाई देवघरात बूट घालून शिरले याचा संताप इतिहासात नोंदला गेला. त्या धाडींची दुसरी बाजू कमी बोलली जाते : रोगाच्या दृष्टीने त्या बहुतांशी फुकट होत्या. जमीन उकरली की उंदीर शेजारच्या घरात जाणार, आणि जाताना अंगावरचं सगळं घेऊन जाणार. माणसांना पकडून कोंडणाऱ्या यंत्रणेला आपण कशाचा पाठलाग करतोय हेच माहीत नव्हतं.

त्या काळात दखल घेण्यासारखं काम दुसरीकडे चाललं होतं. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तोकड्या जागेत प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांवर तिची चाचणी झाली. परळच्या ज्या संस्थेला आज त्यांचं नाव आहे, तिचा उगम हाच. लस मात्र माणसाला वाचवणारी, जंतूची वाट दाखवणारी नव्हे. ती वाट दाखवली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरने.

सिमाँ १८९७ साली येर्सांच्या जागी मुंबईत आला होता, सीरम घेऊन. सीरमने फारसं काही साधलं नाही, पण रोगी तपासताना त्याला एक बारीक गोष्ट दिसली. काही रोग्यांच्या अंगावर, बहुधा गाठीच्याच बाजूच्या पायावर, एक छोटासा फोड असे, किडा चावल्यासारखा. फोडातल्या पाण्यात प्लेगचे जंतू असत. उंदीर आणि माणूस या दोघांना चावणारा किडा कुठला? पिसू. निरोगी उंदीर स्वतःला चाटूनपुसून पिसवा कमी ठेवतो. आजारी उंदराच्या अंगावर त्या माजतात. आणि उंदीर मेला, अंग थंड पडलं की त्या उडून नवं गरम अंग शोधतात.

२ जून १८९८. कराचीतल्या एका हॉटेलची खोली. सिमाँने काचेच्या मोठ्या बरणीत तळाला वाळू पसरली आणि प्लेगच्या रोग्याच्या घरात सापडलेला आजारी उंदीर तिच्यात सोडला. पिसवा कमी पडू नयेत म्हणून हॉटेलात हिंडणाऱ्या एका मांजराच्या अंगावरच्या पिसवाही टाकल्या. उंदीर मरायला टेकला, तेव्हा तारेच्या बारीक पिंजऱ्यात निरोगी उंदीर ठेवून तो पिंजरा वाळूच्या थोडा वर टांगला. दोन्ही उंदरांचा एकमेकांना स्पर्श होणं शक्य नव्हतं, पण पिसू उडी मारू शकत होती. पाचव्या दिवशी टांगलेला उंदीर धड हलेना, आणि लवकरच मेला. त्याचं शरीर जंतूंनी भरलेलं होतं.

तारीख लक्षात घ्यावी अशी आहे. रँडच्या खुनासाठी दामोदर चापेकरांना येरवड्यात फाशी दिली ती १८ एप्रिल १८९८ रोजी. त्यानंतर दीड महिन्याने, त्याच मुंबई इलाख्यातल्या दुसऱ्या शहरात, एका डॉक्टरने दाखवून दिलं की धाडी ज्यासाठी घातल्या तो शत्रू माणसांच्या घरात होता खरा, पण माणसांत नव्हता.

सिमाँचं कुणी ऐकलं नाही. त्याच वर्षी नेमलेल्या इंडियन प्लेग कमिशनने त्याचा सिद्धांत जवळजवळ झटकून टाकला. इतरांनी प्रयोग करून पाहिले. कुणाला जमले, कुणाला नाही. त्याचं एक कारण आज उघड आहे. सगळ्या पिसवा सारख्या नसतात. मांजराची पिसू या कामात अगदीच कच्ची. सिमाँच्या बरणीत खरं काम उंदराच्या स्वतःच्या पिसवांनी केलं असणार. ती उंदराची पिसू शास्त्राच्या दप्तरात नोंदली गेली तीही १९०३ साली. चार्ल्स रॉथशिल्ड या बँकवाल्या घराण्यातल्या कीटकवेड्याने नाईलच्या खोऱ्यातून ती मिळवली आणि पिरॅमिड बांधणाऱ्या राजाच्या नावावरून तिला किऑपिस म्हटलं (आजचं पूर्ण नाव झेनोप्सिला किऑपिस).

मुंबईत हे सूत्र हाती घेतलं डब्ल्यू. ग्लेन लिस्टन यांनी. एका चाळीत आधी उंदीर पडले, मग पिसवांचा इतका उच्छाद झाला की माणसं खोल्या सोडून व्हरांड्यात निजू लागली, मग गाठी आल्या. लिस्टननी त्या माणसांच्या अंगावरच्या पिसवा गोळा करून सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या, तर बऱ्याचशा उंदराच्या निघाल्या. एरवी माणसाच्या अंगावर ती जात क्वचित सापडे. रिकाम्या खोल्यांत त्यांनी गिनिपिग सोडले. ते पिसवांचे जिवंत सापळेच झाले. हा सगळा वृत्तान्त १९०५ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आहे. त्यात सांगितलेला क्रम खेड्यातल्या माणसाला पाठ होता : आधी उंदीर, मग पिसू, मग माणूस. त्याच सुमाराला नेमलेल्या नव्या संशोधन मंडळाने परळला मुद्दाम खोल्या बांधून प्रयोग केले. पिसवांच्या खोलीत जमिनीवर ठेवलेले प्राणी मेले, पिसवेची उडी पोचणार नाही इतक्या उंच टांगलेले वाचले. आठ वर्षांनी का होईना, सिमाँ बरोबर ठरला. तोवर हिंदुस्थानात लाखो लोक मेले होते. पुढच्या दशकांसह हा आकडा एक कोटीच्या वर जातो.

पण पिसू चावते तर सगळ्याच रक्तपित्यांसारखी. मग तिच्यातून एवढा जंतू कसा जातो? याचं उत्तर १९१४ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये आर्थर बॅकट आणि चार्ल्स मार्टिन यांनी दिलं. बॅकट हा मूळचा लंडनमधला कारकून, किडे पाळण्याच्या छंदातून शास्त्रज्ञ झालेला. त्याने पाहिलं की काही पिसवांच्या जठराच्या तोंडाशी, जिथे काटेरी झडपेसारखा एक अवयव असतो, तिथे जंतूंचा गोळा बसून वाट पार बुजते. पिसू रक्त ओढते, रक्त त्या बोळ्यावर आपटतं, आणि जंतू घेऊन चाव्यातच परत येतं. पोटात थेंब जात नाही. भुकेने पिसाळलेली पिसू मग चावतच सुटते आणि शेवटी उपाशी मरते. जंतूने आपल्या वाहनाची उपासमार करून त्यालाच सुई बनवलं होतं.

इथपर्यंतचा इतिहास सूक्ष्मदर्शकाचा. पुढचा जनुकांचा.

१९९९ साली मार्क आख्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरचे प्लेगचे जंतू घेऊन त्यांच्या काही जनुकांची अक्षरं वाचली. अपेक्षा अशी की युरोप, आफ्रिका, आशिया इथल्या जंतूंत बराच फरक असेल. निघालं उलटंच : अक्षरन् अक्षर सारखं. जुन्या घराण्यात भाऊबंदकी फुटलेली असते. इथे अजून वाटण्याच झालेल्या नव्हत्या. आणि हे नवं घराणं ज्याच्या पोटी आलं तो पूर्वजही सापडला : येर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस, दूषित अन्नपाण्यातून जाऊन पोट बिघडवणारा, बहुतेक वेळा माणसाला न मारणारा जंतू. २००१ मध्ये प्लेगच्या जंतूचा सबंध जनुकसंच वाचून झाला, सुमारे साडेसेहेचाळीस लाख अक्षरांचा. त्यासाठी वापरलेला जंतू मिळाला होता अमेरिकेतल्या कोलोरॅडोत, १९९२ साली प्लेगने मेलेल्या एका पशुवैद्याकडून. एका आजारी मांजराला हाताळताना त्याला लागण झाली होती.

मग पोट बिघडवणारा जंतू पिसवेत कसा शिरला? मोंटाना राज्यातल्या हॅमिल्टनच्या रॉकी माउंटन प्रयोगशाळेत जोसेफ हिनेबुश यांनी या एका प्रश्नावर वर्षानुवर्षं काढली आहेत. मला या साऱ्या इतिहासात बॅकटनंतर सगळ्यात आवडणारं काम हेच. त्यांनी जंतूतली जनुकं एकेक करून काढली आणि पिसवांना पाजून पाहिली. एक जनुकसमूह काढला की जंतू जगतो, पण त्याला चिकटपणा येत नाही, झडप तुंबत नाही. हे १९९६ साली कळलं. दुसरं एक जनुक, नाव वायएमटी, काढलं की जंतू पिसवेच्या आतड्यात तगतच नाही. रक्त पचताना जे सुटतं त्यात तोही मरतो. हे २००२ मध्ये कळलं. हे जनुक पूर्वजाकडे नाही. ते एका सुट्या डीएनए-कड्यावर बसून बाहेरून आलेलं आहे, दुसऱ्या कुठल्या तरी जंतूकडून उसनं.

एवढ्यानेही भागत नव्हतं. पूर्वजाच्या अंगात पिसवेला मारणारं एक विकर होतं. वाहनच मेलं तर प्रवास कसला? प्लेगच्या जंतूत त्या विकराच्या जनुकात एक अक्षर जादा पडलंय, आणि तेवढ्याने ते कायमचं बंद आहे. चिकट थर तयार होण्यावर लगाम ठेवणारी आणखी तीन जनुकंही मोडलेली आहेत. २०१४ मध्ये याच प्रयोगशाळेने पूर्वजाचा जंतू घेतला, त्याला वायएमटी दिलं, ती तीन जनुकं मोडली, आणि हा बनवलेला जंतू पिसवेचं तोंड तुंबवू लागला. एक मिळवलं, चार मोडली. मांडवी ते पुणे जी स्मशानं पेटली त्यांच्यामागचा जनुकांचा हिशेब एवढा लहान आहे. उत्क्रांती म्हणजे सतत काही तरी कमावणं असं आपण धरून चालतो. इथे गमावण्याचाच वाटा मोठा.

हे बदल झाले केव्हा, याचं उत्तर दातांत होतं. दातातल्या गाभ्यापर्यंत रक्त जातं. माणूस जंतू रक्तात असताना मेला तर ते तिथे अडकून राहतात. नव्वदच्या दशकात फ्रान्समधल्या संशोधकांनी ही कल्पना मांडली. इतरांना तसे निकाल मिळेनात, आणि चांगलीच हमरीतुमरी झाली. कारण त्याच सुमाराला काही इतिहासकार म्हणत होते की १३४७ नंतर युरोपात कोट्यवधी माणसं मारणारी ‘काळी साथ’ हा प्लेग नव्हताच. दुसराच काही रोग असावा. हा प्लेगच कशावरून? तोच मांडवीतला प्रश्न, साडेपाचशे वर्षं मागे नेलेला.

लंडनच्या टॉवरजवळ ईस्ट स्मिथफील्ड नावाची दफनभूमी होती. ती खास त्या साथीतल्या मृतांसाठी उघडली गेली होती, त्यामुळे तिथला मृत कधी पुरला याबद्दल शंका नाही. २०११ साली कर्स्टन बॉस, योहानेस क्राउझ, हेंड्रिक पॉइनार आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दातांतून जवळजवळ अख्खा जनुकसंच जुळवला. तो प्लेगचाच होता, आणि आजच्या जंतूपासून त्यात जेमतेम शंभरेक अक्षरांचा फरक होता. २०२२ मध्ये किर्गिझस्तानात, इसिक-कूल तलावाजवळच्या थडग्यांतून, याच शाखेचा त्याहून जुना जंतू निघाला. त्या थडग्यांवर सिरियाक लिपीत १३३८ आणि १३३९ ही वर्षं आणि साथीने मृत्यू झाल्याची नोंद कोरलेली आहे. दगडावरचा लेख आणि दातातला लेख एकमेकांशी जुळावेत, असं इतिहासाच्या अभ्यासकाला सहसा लाभत नाही.

त्याहीपेक्षा जुने दात २०१५ मध्ये वाचले गेले. जवळपास पाच हजार वर्षांपूर्वीही माणसं या जंतूने मरत होती, पण त्या जंतूत वायएमटी नव्हतं. म्हणजे रोग होता, पिसवेची स्वारी अजून सुरू झाली नव्हती. व्होल्गाकाठच्या समारा भागातल्या ३,८०० वर्षांपूर्वीच्या एका सांगाड्यात मात्र ते जनुक सापडलं. उंदीर ‘पडणं’ हे तेव्हापासूनचं असावं. आणि हाँगकाँगहून १८९४ नंतर बोटींतून निघालेल्या शाखेचा माग २०१० मध्ये लागला : अमेरिकेतल्या खारींत, मादागास्करच्या डोंगराळ गावांत आज जो प्लेग टिकून आहे तो त्या शाखेचा आहे. कोलोरॅडोतल्या त्या पशुवैद्याला मारणारा जंतू आणि मांडवीत शिरलेला जंतू, एकाच घराण्यातले.

आता पुन्हा महाराष्ट्र. १९६६ नंतर भारतात प्लेगचा रोगी नोंदला गेला नव्हता. तपासण्याची सवय गेली, प्रयोगशाळा ओस पडल्या. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. बीड जिल्ह्यातल्या मामला गावच्या लोकांनीही भीतीने घरं सोडली, धान्य मात्र आतच राहिलं. रिकामी घरं, भरलेल्या कणग्या. उंदरांचं साम्राज्य झालं. १९९४ च्या पावसाळ्यात तिथे गाठीचा ताप दिसला आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग. लाखो माणसं गाडी मिळेल तिकडे पळाली. परदेशी विमानं थांबली, निर्यात अडली. पन्नासच्या वर मृत्यू झाले, आणि लगेच वाद सुरू झाला. हा प्लेगच कशावरून? एवढे थोडे मृत्यू? दुसरा जंतू असेल, विषाणू असेल. डॉ. व्ही. रामलिंगस्वामींच्या अध्यक्षतेखाली सल्लागार समिती बसली. ती प्लेगच म्हणाली, तरी शंका थांबेनात.

व्हिएगसांच्या वेळी नसलेलं हत्यार या वेळी हाताशी होतं. दिल्लीच्या एम्समधल्या गटाने रुग्णांच्या नमुन्यांवर पीसीआर करून प्लेगची जनुकं शोधली. १९९६ साली ते प्रसिद्ध झालं. हैदराबादच्या सीसीएमबीमध्ये एस. शिवाजी आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या थुंकीतून आणि उंदीरवर्गीय प्राण्यांतून मिळवलेल्या जंतूंच्या जनुकांची अक्षरं वाचली आणि ठसे जुळवले. जंतू येर्सिनिया पेस्टिसच निघाला. हा शोधनिबंध २००० साली छापून आला, तोवर वर्तमानपत्रांना त्या साथीत रस उरला नव्हता. ‘सुरतेचा तो प्लेग नव्हताच’ असं सांगणारी माणसं मला अजूनही भेटतात. हिमाचलात २००२ मध्ये पुन्हा प्लेग आला तेव्हा मात्र हीच तपासणी साथ चालू असतानाच वापरली गेली, आणि वाद फारसा झाला नाही.

या शंभर वर्षांत सरकारं, कमिशनं, तज्ज्ञ हे सगळे माणूस आजारी पडल्यावर जागे झाले. मामल्याच्या लोकांनी ऑगस्ट १९९४ मध्ये, गाठीचा रोगी नोंदला जाण्याआधीच, तक्रार केली होती ती दोनच गोष्टींची : गावात उंदीर पडू लागले आहेत, आणि पिसवा फार झाल्या आहेत.